एकट्याने, शिडावर, पृथ्वीभोवती: अभिलाष टॉमी यांच्या सागरी कारकिर्दीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभिलाष टॉमी कोण आहेत आणि त्यांचे नाव शिडाच्या नौकांच्या जगात एवढ्या आदराने का घेतले जाते?

कमांडर (निवृत्त) अभिलाष टॉमी हे भारतीय नौदलाचे माजी वैमानिक आहेत. त्यांचा जन्म १९७९ मध्ये केरळात झाला. वडीलही नौदलातच होते. नौदल अकादमी तेव्हा गोव्यात होती आणि तिथले प्रशिक्षण संपवून २००० मध्ये ते अधिकारी झाले. पुढे सागरी टेहळणीच्या डॉर्निअर विमानांवर त्यांनी काम केले. एकट्याने, कुठेही न थांबता आणि कोणाचीही मदत न घेता शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय आहेत. ती फेरी २०१२-१३ मधली. त्यानंतर २०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत ते उतरले, दक्षिण हिंदी महासागरात पाठीच्या कण्याला गंभीर इजा होऊन त्यांना वाचवून आणावे लागले, आणि तरीही २०२२ मध्ये त्याच शर्यतीत पुन्हा उतरून एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला.

त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी ‘वादळातून वाचलेला खलाशी’ अशी करून दिली जाते. मला ती अपुरी वाटते. वादळापासून सुटकेपर्यंतचा तो प्रसंग तीन दिवसांचा होता. दोन अखंड फेऱ्यांमध्ये मिळून ते एकट्याने समुद्रावर होते त्याचे दिवस सुमारे तीनशे नव्वद भरतात, आणि त्यांतला बहुतेक वेळ काहीतरी तपासण्यात, शिवण्यात, बांधण्यात आणि पुढच्या बिघाडाची आधीच सोय करून ठेवण्यात गेला. एकट्या शर्यतवीराचे खरे काम ते आहे, आणि पुढची बरीच उत्तरे त्याच कामाविषयी आहेत.

‘पृथ्वीप्रदक्षिणा’ कधी पूर्ण झाली असे मानतात? नकाशावर गोल फिरून आले की झाले का?

एवढ्याने होत नाही. सुरुवात आणि शेवट एकाच बंदरात असावा लागतो, सगळी रेखावृत्ते ओलांडावी लागतात, विषुववृत्त किमान दोनदा पार करावे लागते आणि एकूण अंतर पृथ्वीच्या परिघाहून, म्हणजे २१,६०० सागरी मैलांहून, कमी असून चालत नाही. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. सुएझ किंवा पनामा कालव्यातून जाणे बाद आहे. त्यामुळे आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचे केप ल्यूविन आणि दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न या तीन भूशिरांच्या दक्षिणेकडून जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

शालेय भूगोलात आपण ‘गरजणारे चाळीस’, ‘खवळलेले पन्नास’ आणि ‘किंचाळणारे साठ’ हे शब्द पाठ करतो. दक्षिण गोलार्धात त्या अक्षांशांवर पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना अडवायला जमीनच फारशी नाही, म्हणून लाटा हजारो मैल वाढत येतात. प्रदक्षिणेचा मोठा भाग नेमका याच पट्ट्यातून, वाऱ्याला पाठ देऊन पूर्वेकडे जाताना पार पडतो. त्यामुळे निघण्याची तारीखही दक्षिणेचा उन्हाळा पाहूनच ठरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने तिथे त्यातल्या त्यात बरे मानले जातात.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी आणि गोव्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे, आणि आपल्याकडे त्याची पुरेशी जाण नाही याची मला खंत वाटते.

भारतीयाने एकट्याने शिडावर जग फिरून यावे ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले हे अधिकारी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. समुद्रापासून इतक्या दूर, माणदेशाच्या कडेला राहून त्यांनी नौदलाच्या मागे हा ध्यास लावून धरला, आणि त्यातून ‘सागर परिक्रमा’ हा उपक्रम उभा राहिला. त्यासाठी पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. तोवर त्यांनी असले काही केलेले नव्हते. नौका कशी असावी, ती कोण बांधेल, आपण काय शिकायला हवे, इथपासून त्यांनी सुरुवात केली.

नौका बांधली रत्नाकर दांडेकर यांच्या गोव्यातल्या गोदीने. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाड बेट लागते, तिथे ही गोदी आहे. हॉलंडमधल्या वास्तुकारांच्या आराखड्यावरून बांधलेली ही छप्पन्न फुटी नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली, आणि मांडवीच्या मूळ नावावरून तिचे नाव ‘म्हादेई’ ठेवले गेले. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल (ऑस्ट्रेलिया), लिटलटन (न्यूझीलंड), पोर्ट स्टॅनली (फॉकलंड बेटे) व केप टाउन (दक्षिण आफ्रिका) अशा चार बंदरांत थांबत १९ मे २०१० रोजी मुंबईत परतले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. या मोहिमेत किनाऱ्यावरून सगळी मदत पाहणाऱ्या तरुण अधिकाऱ्याचे नाव होते अभिलाष टॉमी. बंदरात नौका आली की काय मोडलेले असते आणि ते दुरुस्त करायला किती वेळ लागतो, हे टॉमी यांनी स्वतः निघण्याच्या आधी दुसऱ्याच्या फेरीत पाहून घेतले होते.

टॉमी यांची २०१२-१३ ची फेरी दोंदे यांच्या फेरीपेक्षा वेगळी कशी?

दोन्ही फेऱ्या त्याच ‘म्हादेई’वर झाल्या. मात्र टॉमी यांना वाटेत एकाही बंदरात थांबायचे नव्हते आणि बाहेरून कोणतीही वस्तू घ्यायची नव्हती. १ नोव्हेंबर २०१२ रोजी ते मुंबईहून निघाले. २६ जानेवारी २०१३ रोजी, म्हणजे प्रजासत्ताकदिनी, त्यांनी केप हॉर्न पार केले. ३१ मार्चला ते मुंबईला पोहोचले आणि काही दिवसांनी गेटवे ऑफ इंडियाजवळ राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या उपस्थितीत त्यांचे औपचारिक स्वागत झाले. सुमारे २३,००० सागरी मैलांच्या या प्रवासाला पाच महिने लागले. या कामगिरीसाठी त्यांना कीर्तिचक्र मिळाले.

न थांबण्याचा अर्थ जमिनीवरून पटकन लक्षात येत नाही. चार बंदरांची फेरी करणाऱ्याला फाटलेले शीड पुढच्या बंदरापर्यंत कसेबसे नेले तरी पुरते. अखंड फेरीत एकही सुटा भाग वाढवून मिळत नाही. निघताना जे चढवले त्यावरच सगळे भागवायचे असते, आणि जे विसरले ते पाच महिने विसरलेलेच राहते.

‘गोल्डन ग्लोब’ ही शर्यत काय आहे?

मूळ गोल्डन ग्लोब १९६८ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने जाहीर केली होती. एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करण्याची ती पहिलीच शर्यत होती. नऊ जण निघाले आणि एकानेच ती पूर्ण केली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फालमथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तिथेच पोहोचले. त्यांच्या आधी कोणत्याही माणसाने असे केलेले नव्हते.

पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, ऑस्ट्रेलियाचे डॉन मॅकिन्टायर यांनी ही शर्यत पुन्हा सुरू केली आणि नियम असा ठेवला की नॉक्स-जॉन्स्टन यांच्या काळात जे उपलब्ध होते त्याच साधनांनी जायचे. नौका ३२ ते ३६ फुटांची, १९८८ पूर्वीच्या आराखड्याची, तळाशी लांब सलग कील (नौकेचा खालचा कणा) असलेली आणि त्या कीलच्या मागच्या कडेलाच सुकाणू जोडलेली असली पाहिजे. विजेवर चालणारा स्वयंचलित सुकाणूचालक चालत नाही. वाऱ्याच्या दिशेने सुकाणू सांभाळणारे विंडवेन हे यांत्रिक उपकरण तेवढे चालते. जीपीएस नाही. कागदी नकाशे, सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजण्याचे यंत्र), रेडिओ आणि घड्याळ एवढ्यावर मार्ग काढायचा. छायाचित्रे फिल्मवर घ्यायची आणि गाणी कॅसेटवर ऐकायची. नौकेवर एक जीपीएस सीलबंद पेटीत दिलेला असतो, पण तो जिवावर बेतले तरच उघडायचा, आणि उघडला की मुख्य शर्यतीतून बाद. याशिवाय प्रवेशासाठी आधी किमान ८,००० सागरी मैलांचा महासागरी अनुभव आणि आणखी २,००० मैल एकट्याने केलेले असावे लागतात.

नॉक्स-जॉन्स्टन यांची नौका मुंबईत बांधली होती, हे खरे आहे का?

होय. ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी नौका मुंबईत सागवानी लाकडात, वाकस आणि हातांची अवजारे वापरणाऱ्या इथल्या सुतारांनी बांधली आणि १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा व्यापारी जहाजावर अधिकारी होते. जगातली पहिली एकट्याची अखंड प्रदक्षिणा मुंबईच्या सुतारांनी जोडलेल्या सागाच्या फळ्यांवर झाली आहे. हे वाक्य मी जाणीवपूर्वक लिहीत आहे, कारण आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात ते शाळेतल्या मुलाला तोंडपाठ असायला हवे.

टॉमी यांना २०१८ च्या शर्यतीचे खास निमंत्रण मिळाले तेव्हा त्यांनी ‘सुहैली’चीच प्रतिकृती घेऊन जायचे ठरवले. ती पुन्हा दांडेकरांच्या गोव्यातल्या गोदीत बांधली गेली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये पाण्यात उतरली. नाव ‘तुरिया’. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्या पलीकडची चौथी अवस्था म्हणजे तुर्या, हे संतवाङ्मय वाचणाऱ्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

जीपीएस नसताना समुद्राच्या मध्यावर आपण कुठे आहोत हे कसे कळते?

सेक्स्टंट हे हातात धरायचे, आरसे आणि छोटी दुर्बीण असलेले कोन मोजण्याचे यंत्र आहे. दुपारी सूर्य माथ्याकडे येऊ लागला की खलाशी डेकवर येतो, एक पाय दोरांच्या आधाराला टेकवतो, कोपर फासळ्यांशी दाबतो आणि दुर्बिणीतून क्षितिज पाहतो. यंत्राचा दांडा हलवत सूर्याचे प्रतिबिंब खाली आणायचे, इतके की सूर्याची खालची कड क्षितिजाच्या रेषेला जेमतेम टेकली पाहिजे. नौका वर-खाली होते आहे, क्षितिज लाटेमागे जाते आहे, भिंगावर खाऱ्या पाण्याचा थेंब आहे. काही मिनिटे सूर्य चढत राहतो, मग क्षणभर थांबल्यासारखा होतो. तो सर्वांत उंच असतानाचा कोन टिपायचा. त्या दिवशीच्या पंचांगासारख्या तक्त्यांतून सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून त्याचे उत्तर-दक्षिण कोनीय अंतर, घेऊन थोडी बेरीज-वजाबाकी केली की अक्षांश निघतो. रेखांशासाठी मात्र अचूक वेळ लागते, कारण पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. घड्याळ चार सेकंद चुकले तर विषुववृत्तावर एक सागरी मैलाची चूक होते.

ढगाळ असेल तर हे काहीच होत नाही. दक्षिण महासागरात सलग अनेक दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा वेग, दिशा आणि गेलेला वेळ यांवरून अंदाजाने नकाशावर फुली मारत जायचे आणि आकाश उघडण्याची वाट पाहायची.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी नेमके काय झाले?

शर्यत १ जुलै रोजी फ्रान्समधल्या ले साब्ल-दोलोन बंदरातून सुटली होती. ऐंशी दिवसांच्या पुढे गेल्यावर टॉमी तिसऱ्या क्रमांकावर होते आणि ‘तुरिया’ ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, दक्षिण हिंदी महासागरात होती. त्या वादळात वाऱ्याचा वेग ७० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटरपर्यंत, गेला आणि लाटा चौदा मीटरपर्यंत उठल्या. चौदा मीटर म्हणजे चार मजली इमारत.

नौका पूर्ण उलटली. ती पुन्हा सरळ झाली तेव्हा टॉमी डोलकाठीवर उंच फेकले गेलेले होते आणि मनगटी घड्याळाचा पट्टा वरच्या साहित्यात अडकल्यामुळे एका हातावर लटकत होते. पट्टा तुटला आणि ते खाली कोसळले. पाठीवर आदळले. डोलकाठी मोडली होती. ते कसेबसे केबिनमध्ये गेले, आणि त्यानंतर त्यांना उठता येईना. उपग्रहावरून पाठवायच्या छोट्या संदेशयंत्रावर त्यांनी कळवले की नौका उलटली आहे, डोलकाठी गेली आहे, पाठीला गंभीर इजा झाली आहे आणि उठता येत नाही. पुढच्या संदेशांमध्ये खाता-पिता येत नसल्याचे आणि सतत उलट्या होत असल्याचे लिहिलेले होते. हाताशी असलेले थंड चहाचे डबे तेवढे त्यांना घेता आले होते. संकटात उचलून न्यायची पिशवी केबिनमध्येच होती, पण तिच्यापर्यंत पोहोचणे त्यांना जमत नव्हते.

तीन दिवस ते असे पडून होते. बाहेर डोलकाठीचा मोडका भाग तारांनी नौकेला लटकत होता. एरवी अशा वेळी खलाशी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्या तारा कापून टाकणे, नाहीतर तीच डोलकाठी लाटेबरोबर आपटून नौकेला भोक पाडू शकते. टॉमी यांना तेही करता येत नव्हते. आयुष्यभर ज्याने प्रत्येक बिघाड आपल्या हाताने सोडवला, त्याला आपल्याच नौकेचा आवाज झोपल्या जागेवरून ऐकत राहावे लागले.

त्यांना कोणी वाचवले?

मॉरिशसहून उडालेल्या भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने ‘तुरिया’ शोधून काढली आणि तिच्यावरून घिरट्या घातल्या. ऑस्ट्रेलियाच्या यंत्रणेने बचावकार्याचे सूत्र सांभाळले. प्रत्यक्ष त्यांच्यापर्यंत पोहोचले ते फ्रान्सचे मत्स्यव्यवसाय गस्ती जहाज ‘ओसिरिस’. २४ सप्टेंबर रोजी त्याच्या माणसांनी छोट्या बोटींतून जाऊन त्यांना स्ट्रेचरवर घेतले. त्याच महासागरातल्या, जवळच्या ॲमस्टरडॅम बेटावर प्राथमिक उपचार झाले. तिथून भारतीय नौदलाच्या ‘सातपुडा’ युद्धनौकेने त्यांना आणले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते विशाखापट्टणमला पोहोचले. ‘तुरिया’ समुद्रातच राहिली.

आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन हे स्पर्धकही त्याच वादळात सापडले होते. त्यांचीही डोलकाठी मोडली होती. तरीही त्यांनी उरलेल्या काठ्यांवर तात्पुरते शीड उभारले आणि टॉमी यांच्या दिशेने नौका वळवली. शेवटी ‘ओसिरिस’ने त्यांनाही घेतले.

एवढ्या दूरवर स्पर्धकाने स्पर्धकाला मदत करणे हा नियम आहे की माणुसकी?

समुद्रावर या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. संकटात सापडलेल्या माणसाला मदत करणे ही सागरी कायद्याने बांधलेली जबाबदारी आहे, आणि आपल्या कोळीवाड्यातल्या कोणत्याही तांडेलाला ती कायदा न वाचता ठाऊक असते. दक्षिण महासागरात बहुधा दुसरा स्पर्धक हाच सर्वांत जवळचा माणूस असतो. २०२२ च्या शर्यतीत फिनलंडचे टापिओ लेहटिनेन यांची नौका काही मिनिटांत बुडाली आणि ते रबरी तराफ्यावर आले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांनी दिशा बदलून, रात्रभर सुकाणू हातात धरून, त्यांना शोधून काढले आणि नंतर एका मोठ्या जहाजावर सोपवले. मग त्या पुन्हा शर्यतीला लागल्या आणि जिंकल्याही.

इतक्या मोठ्या इजेनंतर टॉमी पुन्हा समुद्रावर कसे गेले?

शस्त्रक्रियेत त्यांच्या पाठीच्या कण्यात टायटॅनियमच्या पट्ट्या बसवल्या गेल्या आणि पाच मणके एकमेकांना जोडले गेले. चालणे पुन्हा शिकावे लागले. त्यानंतर ते आधी विमान उडवायला परतले, आणि २०२१ मध्ये नौदलातून निवृत्त होऊन दुसऱ्या गोल्डन ग्लोबच्या तयारीला लागले.

निवृत्तीनंतर नौदलाचे पाठबळ नव्हते. प्रायोजक मिळायला फार उशीर झाला, आणि शेवटी अबू धाबीच्या ‘बयानात’ या कंपनीने साथ दिली. छत्तीस फुटी रस्टलर जातीच्या नौकेला तेच नाव मिळाले. शर्यतीच्या ऐन तोंडावर एका मालवाहू जहाजाची धडक बसून नौकेचे नुकसान झाले आणि धावपळीत दुरुस्ती करावी लागली. तरीही ४ सप्टेंबर २०२२ रोजी ले साब्ल-दोलोन येथून सुटलेल्या सोळा स्पर्धकांत ते होते.

दुसऱ्या शर्यतीत त्यांना कोणत्या अडचणी आल्या?

यादी लांब आहे, पण एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. एकट्या खलाशाच्या नौकेवर विंडवेन हा दुसरा माणूस असतो. तुम्ही झोपता, शिवता, जेवता, तेव्हा सुकाणू तोच धरतो. या यंत्राचे एक पाते पाण्यात बुडालेले असते आणि लाटांच्या माऱ्यात नेमके तेच तुटते. बरोबर नेलेली सुटी पाती संपल्यावर टॉमी यांनी नौकेतल्या शौचकुपाचे दार काढले, ते कापले आणि त्यातून नवे पाते घडवले. त्या पात्यावर पुढचे मैल कापले गेले. फाटलेली शिडे हाताने शिवणे आणि जोडलेल्या मणक्यांनिशी हलत्या डोलकाठीवर चढणे हेही त्यांना करावे लागले.

कारकीर्द म्हणून या धंद्याकडे पाहणाऱ्या तरुणांनी दाराची ही गोष्ट लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते. नौकेतली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कोणत्या कामाला येऊ शकेल, हे निघण्याआधीच माहीत असणारा खलाशी शेवटच्या बंदरापर्यंत पोहोचतो.

शेवटी निकाल काय लागला?

कर्स्टन नॉयशेफर २७ एप्रिल २०२३ रोजी पहिल्या आल्या. एकट्याने करायची जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. टॉमी २९ एप्रिलला पोहोचले. त्यांना २३६ दिवस १४ तास ४६ मिनिटे लागली. पहिल्या दोन क्रमांकांत दीड दिवसाचेही अंतर नव्हते. ऑस्ट्रियाचे मिखाएल गुगेनबर्गर तिसरे आले. निघालेल्या सोळांपैकी न थांबता शर्यत पूर्ण करणारे हे तिघेच. ब्रिटनचे सायमन कर्वेन सर्वांच्या आधी बंदरात पोहोचले होते, पण विंडवेनच्या दुरुस्तीसाठी ते चिलीमध्ये थांबले होते, आणि एकदा थांबलेल्या स्पर्धकाची गणना वेगळ्या वर्गात होते. म्हणजे याच यंत्राने एकाचा पहिला क्रमांक घेतला आणि दुसऱ्याने ते दाराच्या फळीवर चालवत आणले.

ही शर्यत आणि ‘वांदे ग्लोब’ एकच का?

नाही. दोन्ही ले साब्ल-दोलोन येथूनच सुटतात, म्हणून गल्लत होते. वांदे ग्लोब १९८९ पासून होते आणि आता ती दर चार वर्षांनी भरते. त्यातल्या साठ फुटी नौका अत्याधुनिक आहेत, अनेक तर वेगात असताना बाजूच्या पंखांच्या जोरावर पाण्यातून वर उचलल्या जातात. २०२४-२५ ची शर्यत फ्रान्सच्या शार्ली दालँ यांनी ६४ दिवस १९ तासांत जिंकली. तो वेगाचा आणि मोठ्या भांडवलाचा खेळ आहे.

एकटा माणूस झोपतो कधी?

तुकड्यातुकड्यांनी. किनाऱ्याजवळ आणि जहाजांच्या वाटेवर वीस-तीस मिनिटांच्या डुलक्या घ्याव्या लागतात, कारण क्षितिजावर दिसलेले मालवाहू जहाज तेवढ्या वेळात अंगावर येऊ शकते. मोकळ्या दक्षिण महासागरात सलग काही तास मिळू शकतात. अनुभवी खलाशी गाढ झोपेतही नौकेच्या आवाजातला बदल ओळखतो. वारा वाढला की दोरांचा सूर बदलतो, आणि जाग त्या सुराने येते.

पैसा मिळतो का? यावर पोट भरते का?

गोल्डन ग्लोबमध्ये बक्षिसासाठी कोणी जात नाही. नौका, तिची डागडुजी, शिडे, सुरक्षासाहित्य आणि आठ-नऊ महिन्यांचा शिधा यांचा खर्च प्रायोजक किंवा पदरचे पैसे यांतूनच निघतो. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, हा खेळ गावोगाव पाहिला जातो आणि कंपन्या पुढे येतात. भारतात आजवर जे मोठे काम झाले त्यामागे बहुतांशी नौदल होते. साडेसात हजार किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या देशातल्या खलाशाला प्रायोजक परदेशात शोधावा लागला, याचे मला वाईट वाटते आणि ते इथे नोंदवून ठेवायला हवे.

माझ्या मुलीला किंवा मुलाला शिडाची नौका चालवायला शिकायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

लहान, एका माणसाच्या डिंगीपासून करावी. मुले ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या चौकोनी तोंडाच्या छोट्या नौकेवर शिकतात आणि त्यातच वारा अंगावर घ्यायची सवय होते. मुंबईत कुलाबा परिसरातले नौकानयन क्लब आहेत, गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. सैन्यदलांत जाणाऱ्यांसाठी वाट अधिक सोपी आहे. खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या नौका चालवतात, मुंबईत लष्कराचे आणि नौदलाचे प्रशिक्षण चालते, तर नौदलाच्या महासागरी नौकानयनाचे केंद्र गोव्यात ‘आयएनएस मांडवी’ येथे आहे. पोहणे आधी शिकवावे. त्याबरोबर शिवणकाम, सुतारकाम आणि इंजिन उघडून पुन्हा बसवणेही शिकवावे. पालकांना हे शेवटचे विचित्र वाटते, पण वर दाराची गोष्ट सांगितलीच आहे.

टॉमी यांच्यानंतर कोण?

‘म्हादेई’ची धाकटी बहीण ‘तारिणी’ हीसुद्धा दांडेकरांच्याच गोदीतली, २०१७ ची. तिच्यावर लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात प्रदक्षिणा केली. त्यांना तयार केले होते दिलीप दोंदे यांनी. पुढे लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी टॉमी यांच्या मार्गदर्शनाखाली तयारी केली आणि २ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून निघाल्या. दोघीच असल्यामुळे एक झोपली की दुसरी नौकेवर प्रत्यक्षात एकटीच असे. आठ महिन्यांनी, २९ मे २०२५ रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर त्या गोव्यात परतल्या.